मापाचा चहा

कोणाच्याही घरीं मूत्रपिंडाचा विकार निघाला, कीं औषधांची यादी हातीं पडण्यापूर्वींच पहिला प्रश्न उभा राहतो तो चहाचा. 'आतां चहा चालेल कीं नाहीं?' हें रोगी भीतभीत विचारतो, आणि उत्तर मात्र भोंवतालचीं दहा माणसें देतात. कोणी म्हणतो, चहानेंच मूत्रपिंडें सुकतात. कोणी म्हणतो, दुधाचा सोडा आणि कोरा घ्या. कोणी म्हणतो, साखरेच्या जागीं गूळ घाला म्हणजे झालें. आणि एखादा पुण्यामुंबईचा पाहुणा हिरव्या चहाचें पाकीट घेऊनच येतो. गेलीं चार वर्षें आमच्या घरांत हा प्रश्न आम्ही रोज पाहात आहों. त्याचा वृत्तांत येथें देण्याचें कारण इतकेंच कीं, हा विकार आतां आपल्या कुटुंबांतून विरळा राहिलेला नाहीं. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब हीं त्याचीं दोन मुख्य कारणें. आणि या दोघांपैकीं एकही ज्या घरीं मुक्कामास नाहीं असें घर आमच्या आळींत तरी आम्हांस ठाऊक नाहीं.

आमचें गांव नगर. सरकारी दप्तरांत २०२४ सालापासून तें अहिल्यानगर झालें आहे. पण जिभेची जुनी संवय सुटत नाहीं, म्हणून येथें नगरच म्हणूं. आमचे वडील बंधु, म्हणजे घरांतल्या सर्वांचे दादा, हे या वृत्तांताचे नायक. वय ६९, ३४ वर्षें शाळेंत गणित शिकविलें, मधुमेहाची सोबत २० वर्षांची. दादांचा चहा म्हणजे घरांतलें दुसरें घड्याळ होतें. पहाटे उठल्यावर एक, वर्तमानपत्राबरोबर एक, पूजेनंतर एक, दुपारच्या झोंपेनंतर एक, संध्याकाळीं कोणी आलें तर त्याच्या मानाचा एक, आणि कोणी आलें नाहीं तर आलें नाहीं म्हणून एक. चार वर्षांपूर्वीं त्यांच्या पायांवर सूज दिसूं लागली. तपासणींत असें निघालें कीं, मूत्रपिंडांची शक्ति चौथा हिस्साच काय ती उरली आहे.

मूत्रपिंडें काय करतात हें दोन शब्दांत सांगितल्यावांचून चहाचा हिशेब कळावयाचा नाहीं. प्रत्येकाचें वजन सुमारें १५० ग्रॅम आणि प्रत्येकांत सुमारें १० लाख सूक्ष्म गाळण्या. दोन्हीं मिळून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यांतला बहुतेक सगळा रक्तांत परत घेऊन दीड-दोन लिटर तेवढा बाहेर टाकतात. या कामांत पाणी, मीठ, पोटॅशियम, फॉस्फरस यांचा तोल सांभाळला जातो. गाळण्या निकामी होऊं लागल्या म्हणजे हा तोल एकदम ढळत नाहीं. प्रथम एक पारडें, मग दुसरें, असा तो हळूहळू ढळत जातो. म्हणूनच 'मूत्रपिंडाच्या रोग्यानें अमुक खावें, अमुक पिऊं नये' असें एकच सरसकट उत्तर देतां येत नाहीं. पहिल्या अवस्थेंतल्या माणसाला जें चालतें तें शेवटच्या अवस्थेंत चालत नाहीं, आणि शेवटच्या अवस्थेंतले निर्बंध पहिल्या अवस्थेंत लादले तर निष्कारण छळ मात्र होतो.

आमच्या घरीं हा छळ प्रथम झाला. बातमी फुटतांच सल्ल्यांचा पाऊस पडला. एका आप्तांनीं दूरध्वनीवरून अर्धा तास व्याख्यान दिलें, आणि दुसऱ्याच दिवशीं वहिनींनीं चहाची बरणी सर्वांत वरच्या फळीवर नेऊन ठेवली. त्यांचा हेतु किती निर्मळ होता हें सांगणें नको. आपल्या हातानें आपण यांना विष पाजतों अशी त्यांची समजूत झाली होती, आणि ती कोणी काढली नाहीं. दादांनीं एका शब्दानेंही विरोध केला नाहीं. त्यांना सकाळच्या फिरण्याची मात्र एकाएकीं गोडी लागली. ज्या माणसाला निवृत्तीनंतर कोपऱ्यावरचा वाणीही लांब वाटे, तो रोज दिल्ली दरवाजापर्यंत चालत जाऊं लागला. सूज मात्र कमी होण्याऐवजीं वाढतच गेली.

दीड महिन्यानें डॉक्टरांकडे गेलों तेव्हां त्यांनीं विचारलें, 'सर, चहा किती घेतां?'

'बंद केला आहे, डॉक्टरसाहेब,' वहिनी अभिमानानें म्हणाल्या. 'दीड महिना झाला. थेंब नाहीं.'

दादा छताकडे पाहूं लागले. डॉक्टर अनुभवी होते. ते हळूच म्हणाले, 'बरें, घरीं बंद केला. बाहेर?'

'कटिंग,' दादा म्हणाले. 'दोनच.'

'आणि त्याबरोबर?'

'खारी. कधीं बटर. शेजारीं ताजी शेव तळतात, ती कधींमधीं.'

डॉक्टरांनीं सांगितलें तें वहिनींना प्रथम खरें वाटेना. चहा घरीं घ्या, दोन-तीन कप घेतल्यानें या अवस्थेंत कांहीं बिघडत नाहीं. पण ती खारी, ती शेव आणि तें फरसाण सोडा. चहाच्या घोटानें पाय सुजले नव्हते, चहाच्या सोबत्यांनीं सुजविले होते. मूत्रपिंडाच्या रोग्याला दिवसाचें सगळें मीठ ५ ग्रॅमच्या आंत, म्हणजे सपाट चहाच्या एका चमच्याइतकें, पुरवावयाचें असतें. घरच्या आमटी-भाजींतच त्याचा बहुतेक भाग संपतो. खारी, टोस्ट, शेव, पापडी यांत मीठ तर आहेच. शिवाय पुष्कळदां सोडा असतो, आणि त्यांतला सोडियमही त्याच खात्यावर पडतो. मीठ शरीरांत पाणी धरून ठेवतें, तहान वाढवितें, रक्तदाब चढवितें. पाहुणचाराची बशी ज्यांच्यापुढें येते त्यांनीं कप उचलावा आणि बशी सरकवावी, हें आमच्या घरीं आतां लहान मुलांनाही पाठ आहे. एक सावधगिरी येथेंच सांगतों. 'कमी सोडियमचें' म्हणून बाजारांत जें मीठ मिळतें त्यांत सोडियमच्या बदल्यांत पोटॅशियम घातलेलें असतें. निरोगी माणसाला तें चांगलें असेल. पण मूत्रपिंडें थकलेल्या माणसाच्या रक्तांत पोटॅशियम साठलें तर हृदयाची गति बिघडून प्राणावर बेतूं शकतें.

चहानें मूत्रपिंडें सुकतात या समजुतीचें मूळ बहुधा असें असावें कीं, चहा घेतल्यावर लघवीला लागतें. चहांतल्या कॅफीनचा तो गुण आहे. पण १५० मि.लि.च्या कपांत तें ३०-४० मिलिग्रॅमच्या आसपास असतें, आणि रोज घेणाऱ्याच्या शरीराला त्याची संवय झालेली असते. रक्तदाब घटकाभर थोडा चढतो आणि रात्रीं उशीरां घेतला तर झोंप उडते, एवढें खरें. म्हणून दादांचा शेवटचा कप संध्याकाळीं सहाच्या आंत. याच समजुतीची दुसरी बाजू अधिक घातक आहे. 'चहा काय, जितका आंत जातो तितका बाहेर पडतो, त्याला पाण्यांत कशाला मोजावयाचा?' असें आमच्या ओळखीचे एक सुशिक्षित गृहस्थ म्हणत असत. ज्याचीं मूत्रपिंडें पाणी बाहेर टाकीतच नाहींत त्याचा चहा बाहेर पडणार कोठून?

आतां कोऱ्या चहाच्या सल्ल्याकडे वळतों. या बाबतींत आमच्या गांवाला एक थोर परंपराच आहे. आमच्या भुईकोट किल्ल्यांत १९४२ च्या ऑगस्टपासून काँग्रेसचे पुढारी बंदिवासांत होते. पंडित नेहरूंनीं तेथें आपला भारतशोधाचा ग्रंथ लिहिला हें सर्वांस ठाऊक आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांनीं त्याच कोठड्यांत आपल्या एका मित्राला उद्देशून उर्दूंत पत्रें लिहिलीं. 'गुबार-ए-खातिर' या नांवानें तीं १९४६ सालीं प्रसिद्ध झालीं. त्या पत्रांत चहाचें वर्णन इतकें रंगून केलेलें आहे कीं, किल्ल्याच्या तटाजवळून जातांना आम्हांस तोफांआधीं मौलानांची किटली आठवते. पहाटे सगळे झोंपलेले असतांना उठावयाचें, स्वतःच्या हातानें चीनचा मोगऱ्याच्या वासाचा चहा करावयाचा, आणि एकांतांत एकेक घोट घ्यावयाचा. दुधाचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. दूध-साखर घालून चहाचें मिष्टान्न करणाऱ्या आपल्यासारख्यांची त्यांनीं मनसोक्त थट्टा केली आहे.

रसिकतेच्या न्यायासनापुढें मौलानांचा विजय असो. मूत्रपिंडांचा निकाल तसा सरळ नाहीं. चहाच्या पानांत ऑक्झॅलेट नांवाचें एक द्रव्य असतें. पोटांतून तें रक्तांत गेलें म्हणजे तें बाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडांचें. आणि फार झालें तर त्याचे स्फटिक तेथेंच साठून बसतात. दुधांतला कॅल्शियम या ऑक्झॅलेटला पोटांतच पकडून ठेवतो, आणि तें रक्तांत न जातां शौचावाटे निघून जातें. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनीं चहांत दूध घातलें तें चवीसाठीं, पण मूत्रपिंडांचें थोडें रक्षण त्यानें आपोआप झालें. कोऱ्या चहाचा अतिरेक काय करूं शकतो याचें उदाहरण अमेरिकेंतल्या अर्कान्सस प्रांतांतील डॉक्टरांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलें. ५६ वर्षांचा एक मनुष्य थकवा व अंगदुखी घेऊन आला आणि त्याचीं मूत्रपिंडें बंद पडत चाललेलीं आढळलीं. नेहमींचें कोणतेंच कारण सांपडेना. शेवटीं कळलें कीं, तो रोज बर्फ घातलेल्या कोऱ्या चहाचे १६ मोठे पेले पीत असे. म्हणजे पावणेचार लिटरांच्या घरांत. मूत्रपिंडाचा तुकडा तपासला तों त्यांत ऑक्झॅलेटचे स्फटिक. त्याला डायलिसिसवर जावें लागलें. हें उदाहरण आम्ही वहिनींना सांगितलें तेव्हां त्यांनीं भीतीनें डोळे मोठे केले. पण तेथें घात केला तो मापानें. मौलानांसारखा चहा कोणी एखादा-दुसरा घेतला तर त्यानें धास्ती घेण्याचें कारण नाहीं. मात्र ज्यांना मुतखड्याची खोड आहे त्यांनीं कडक कोरा चहा वारंवार घेऊं नये हेंच बरें.

मग दूध जितकें अधिक तितकें उत्तम काय? तेंही नाहीं, आणि येथें आमच्या जिल्ह्याची अडचण आहे. संगमनेर, राहुरी, कोपरगांव या भागांत दुधाला तोटा नाहीं. ज्याचा मान राखावयाचा त्याला पाण्याचा थेंब न घालतां निव्वळ दुधाचा चहा द्यावयाचा अशी रीत आहे. गाईच्या १०० मि.लि. दुधांत सुमारें ९० ते १०० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि दीडशेंच्या आसपास पोटॅशियम असतें. म्हशीच्या दुधांत फॉस्फरस आणखी थोडा अधिक. मूत्रपिंडें पार थकल्यावर दिवसाचा सगळा फॉस्फरस ८०० ते १००० मिलिग्रॅमच्या आंत ठेवा असें साधारणपणें सांगतात. निव्वळ दुधाच्या चहाचे मोठे पांच कप झाले, तर पाऊणशें रुपयांच्या खर्चांत साठ रुपये चहावरच उडाल्यासारखें होतें. पोळी, डाळ, भाजी यांना उरलें काय? साठलेला फॉस्फरस हाडांतला चुना ओढून काढतो, रक्तवाहिन्या कठीण करतो, आणि अंगाला अशी खाज आणतो कीं रात्र रात्र झोंप नाहीं. दादांनीं ती खाज भोगली आहे. डायलिसिसनें पोटॅशियम चांगलें उतरतें, पण फॉस्फरस मोठा चिवट. तो थोडाच निघतो. आमच्या घरीं आतां दादांच्या चहांत दोन भाग पाणी आणि एक भाग दूध असतें. डब्यांतली चहाची तयार पांढरी पूड आम्ही घरांत आणीत नाहीं. कांहीं पुडींत फॉस्फेटचे क्षार मिसळलेले असतात, आणि असा मिसळलेला फॉस्फरस दुधांतल्यापेक्षां अधिक सहज अंगांत शिरतो. बाटलींतल्या थंड चहाचीही तीच गोष्ट. वेष्टनावरचीं बारीक अक्षरें वाचण्यासाठीं भिंग लागलें तरी तीं वाचावीं.

गुळाविषयीं बोललें कीं घरांत वाद होतो. हल्लीं रस्तोरस्तीं 'गुळाचा चहा' अशा पाट्या दिसतात, आणि तो औषधी असल्याचा बोलबाला आहे. आमचा साखरेशीं कांहीं वैयक्तिक स्नेह नाहीं. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीं आमच्याच जिल्ह्यांत निघाला याचा अभिमान तेवढा आहे. पण सत्य असें कीं, मधुमेह्याला गूळ आणि साखर हीं दोन्हीं सारखींच. आणि साखरेंत पोटॅशियम जवळजवळ नसतें, तर गुळांत तें चांगलेंच असतें. जें खनिज निरोगी माणसाला गुळाचा गुण म्हणून सांगतात, तेंच या रोग्याला अवगुण ठरतें. दादा आतां बिनसाखरेचा चहा घेतात. पहिले पंधरा दिवस त्यांनीं तोंडें वेडींवांकडीं केलीं. मग म्हणाले, चहाला चव असते हें मला ६६ व्या वर्षीं कळलें.

हिरवा चहा त्याच झाडाचा. त्यानें मूत्रपिंडें पुन्हा उगवत नाहींत, आणि साध्या चहासारखा तो एखादा कप घेतला तर बिघडतही नाहीं. त्याचा अर्क काढून केलेल्या गोळ्या आणि पुड्या मात्र दूरच ठेवाव्या. गवती चहाचें एक पान, आल्याचा तुकडा, वेलदोडा, तुळशीचीं दोन पानें हीं चवीपुरतीं घालण्यास कोणाची हरकत असेल असें वाटत नाहीं. चवीपुरतें जेथें संपतें आणि काढा जेथें सुरू होतो तेथें थांबावें. ज्येष्ठमध रोज घेतला तर अंगांत मीठ व पाणी धरतें आणि रक्तदाब वाढतो. ब्रुसेल्स शहरांत १९९० नंतरच्या वर्षांत बारीक होण्यासाठीं चिनी वनस्पतींचीं औषधें घेतलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांचीं मूत्रपिंडें नासलीं. पुष्कळींना डायलिसिस किंवा रोपण करावें लागलें. दोष निघाला अरिस्टोलोकिया कुळांतल्या वनस्पतीचा. आपल्याकडील ईश्वरी, म्हणजे सापसण, त्याच कुळांतली. 'झाडपाल्याचें आहे, अपाय तर नाहीं ना' हें वाक्य आमच्या घरीं ज्यांनीं ज्यांनीं उच्चारलें त्यांना आम्हीं हा ब्रुसेल्सचा इतिहास ऐकविला आहे. कोणी रागावले, पण पुडी परत घेऊन गेले.

गेल्या वर्षीं दादांची मूत्रपिंडें जवळजवळ थांबलीं आणि डायलिसिस सुरू झालें: सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येक वेळीं चार तास. पूर्वीं यासाठीं पुणें गांठावें लागे. आतां जिल्ह्यांतच सोय झाली आहे हें मोठें सुख. येथून चहाचा प्रश्न बदलला. आतां प्रश्न चहाचा उरला नाहीं, द्रवाचा झाला. डॉक्टरांनीं सूत्र दिलें: आदल्या दिवशीं जितकी लघवी झाली असेल त्यांत सुमारें ५०० मि.लि. मिळवा, तेवढें दिवसाचें एकूण पेय. दादांची लघवी ४०० मि.लि. होती. म्हणजे ९०० मि.लि. आमच्या घरचा कप १५०चा. त्यांचे जुने सहा कप म्हणजे बरोबर ९००. गणिताच्या शिक्षकाला हें समीकरण कागदावर मांडून दाखवावें लागलें नाहीं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'म्हणजे चहा घ्यावयाचा तर पाणी नाहीं.'

तोडगा काढला तो सूनबाईनें. ती येथील एका महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविते. तिनें एक मोजपात्र आणलें आणि घरांतलीं सगळीं भांडीं मोजून काढलीं. ज्या वाटीला आपण अर्धी वाटी आमटी म्हणतों तिच्यांत किती मावतें, ताकाचा पेला किती, कढी किती, गोळ्या गिळतांना किती पाणी लागतें, याचा तक्ता तिनें शीतकपाटाच्या दारावर लावला. मग तिनें ८० मि.लि.च्या लहान चिनीमातीच्या कपांची जोडी आणली. दिवसाचे तीन कप, मिळून २४०. सकाळीं एका तांब्यांत मोजून भरलेलें पाणी ठेवावयाचें, आणि चहा, ताक, आमटी कांहींही घेतलें कीं तितकें पाणी तांब्यांतून ओतून टाकावयाचें. तांब्या रिकामा झाला कीं दिवस संपला. लहान कप भरून दिला तर मनाला तो पूर्ण कप वाटतो. मोठा कप अर्धा दिला तर अपमान वाटतो. हें मानसशास्त्र तिला कोणीं शिकविलें हें आम्हांस माहीत नाहीं. तहान लागली तर चूळ भरावयाची, लिंबाची फोड जिभेला लावावयाची, बर्फाचा एखादा खडा चघळावयाचा. पण तोही मोजून.

हें सगळें चालू असतांना याच स्वैंपाकघरांत दुसरा एक हुकूम बरोबर उलटा चालू होता. आमचे चिरंजीव सुप्याच्या एका कारखान्यांत काम करतात. पारनेरचा तो कोरडा मुलूख, उन्हाळ्यांत अंगाची लाही, आणि पाणी पिण्याची आठवण नाहीं. त्यांना मुतखडा झाला. त्यांना डॉक्टरांनीं सांगितलें, लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर होईल इतकें पाणी प्या. एका पाटावर 'बाबा, पुरे आतां' आणि शेजारच्या पाटावर 'अरे, आणखी पी' असा गजर चाले. घरीं येणाऱ्या जाणाऱ्यांना याचा उलगडा करून सांगतां सांगतां वहिनी थकल्या. 'किडनीचा आजार ना? मग भरपूर पाणी प्यावयाचें' हें वाक्य पसरतें तें यामुळेंच. खडा होणारें मूत्रपिंड आणि थांबलेलें मूत्रपिंड हे दोन निराळे रोगी आहेत. एकाचें पथ्य दुसऱ्याचा घात करतें.

हा घात किती जवळ असतो हें मार्च महिन्यांत कळलें. संगमनेरला आप्तांकडे लग्न होतें, रविवारीं. शुक्रवारचें डायलिसिस झालेलें, पुढचें सोमवारीं. म्हणजे आठवड्यांतला लांब खंड. आम्ही लग्नास गेलों नव्हतों. सूनबाई बरोबर होती, तिनें सांगितलें तें असें. दादा फार दिवसांनीं चारचौघांत आले, जुने विद्यार्थी भेटले, आणि प्रत्येकानें आग्रहानें हातांत कप दिला. 'सर, माझा एक तरी घ्या.' कागदी कप तो, त्याचें माप तें किती, असें प्रत्येकाला वाटलें. जेवणांत मठ्ठा झाला, पापड-लोणचें झालें. रात्रीं दीड वाजतां दादा अंथरुणावर उठून बसले. आडवें होतांच श्वास कोंडे. फुप्फुसांत पाणी उतरूं लागलें होतें. अपरात्रीं गाडी काढून रुग्णालय गांठलें, आणि पहाटे चार वाजतां यंत्र सुरू झालें. वजन पाहिलें तों शुक्रवारपेक्षां ४ किलोंनीं अधिक. किलोभर वजन म्हणजे लिटरभर पाणी. चार लिटर पाणी एका थकलेल्या हृदयावर चढून बसलें होतें.

आपल्या समाजांत चहाचा आग्रह हा किती अलीकडचा आहे! पुण्याच्या पंच हौद मिशनमध्यें १८९० च्या ऑक्टोबरांत मंडळी चहाला जमलीं, गोपाळराव जोशांनीं त्यांचीं नांवें छापून आणलीं, आणि रानडे-टिळकांसारख्यांना त्या पेल्यापायीं प्रायश्चित्ताच्या प्रकरणाला तोंड द्यावें लागलें. तेव्हां चहा घेतला म्हणून बहिष्कार. आज घेतला नाहीं म्हणून रुसवा. संगमनेरनंतर दादांनीं स्वतःच एक उपाय काढला. ते आपला ८०चा कप खिशांतल्या डबींत घेऊन जातात. कोणी आग्रह केला तर ते तो पुढें करतात आणि म्हणतात, 'यांत घाला. हा माझा नियम आहे.' नियम म्हटला कीं आपल्याकडे कोणी मोडावयास सांगत नाहीं. तीन कप संपले असतील तर तोच रिकामा कप हातांत धरून बसतात, आणि पुष्कळांना तो रिकामा आहे हें कळतही नाहीं. हल्लीं दोन डायलिसिसांमधली त्यांची वजनवाढ दीड-दोन किलोंच्या आंत असते.

गोळ्यांची एक गोष्ट राहिली. मूत्रपिंडाच्या विकारांत रक्त कमी होतें आणि लोहाच्या गोळ्या द्याव्या लागतात. दादा त्या सकाळच्या चहाबरोबर गिळीत असत, कारण चहाबरोबर गिळल्या कीं निराळें पाणी लागत नाहीं. पाण्याची बचत झाली, पण लोह वायां जात होतें. चहांतलें टॅनिन त्याला पोटांत बांधून टाकतें. आतां चहा आणि लोह यांत दोन तासांचें अंतर असतें. फॉस्फरस अडविणाऱ्या गोळ्यांचें निराळें आहे. त्या जेवणाच्या घासाबरोबरच घ्यावयाच्या असतात, मागाहून घेतल्या तर उपयोग नाहीं.

परवां दादांनीं डॉक्टरांना नवा प्रश्न विचारला. डायलिसिसचे चार तास कंटाळवाणे. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना घरून चहा येतो, तसा आपल्याला चालेल काय? डॉक्टर म्हणाले, कांहींचा रक्तदाब यंत्रावर असतांना खाण्यापिण्यानें खालीं येतो, तुमचा गेल्या महिन्यांत दोनदां आला आहे. तेव्हां तूर्त नको, पुढल्या महिन्यांत पाहूं. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार या दिवशीं दादांचा दुसरा कप घरीं परतल्यावर, रक्तदाब पाहून झाल्यावर असतो. तो सूनबाई करते, आणि ती महाविद्यालयांतून आली नसेल तर वहिनी करतात. चहाची बरणी आतां खालच्या फळीवर असते आणि मोजपात्र तिच्या शेजारीं.